खाणवाट : सार्डिनियातील एक परिक्रमा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वाट म्हटली की ती कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाऊन पोचते, अशी आपली साधी समजूत असते. परंतु काही वाटा जिथून निघतात तिथेच परत येतात. नर्मदेची परिक्रमा आपल्याला ठाऊक आहे. परिक्रमा करणारा कुठे पोचण्यासाठी चालत नाही. तो ज्या भूमीभोवती चालतो ती भूमी त्याला समजावी, म्हणून चालतो. प्रस्तुत लेखात मी अशाच एका परिक्रमेची ओळख करून देणार आहे. ती कोणत्याही नदीभोवती नाही. ती बंद पडलेल्या खाणींमधून फिरते.

भूमध्य समुद्रात इटलीच्या ताब्यातील सार्डिनिया नावाचे बेट आहे. सिसिलीनंतर त्या समुद्रातील हे सर्वांत मोठे बेट होय. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सुल्चिस आणि इग्लेसिएंते हे डोंगराळ प्रदेश आहेत. तेथे सुमारे ५०० किलोमीटर लांबीची एक पायवाट आखलेली असून तिचे तीस टप्पे आहेत. 'काम्मिनो मिनेरारियो दी सांता बार्बारा' हे तिचे इटालियन नाव. आपण तिला 'सांता बार्बाराची खाणवाट' म्हणू. इग्लेसियास या गावातून ती निघते आणि तीस टप्प्यांनंतर त्याच गावात परत येते. सांता बार्बारा ही ख्रिस्ती परंपरेतील संत, खाणकामगारांची रक्षणकर्ती. ४ डिसेंबर हा तिचा सणाचा दिवस.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मी इटलीला गेलेलो नाही. इटलीच काय, मी अद्याप मुंबईही पाहिलेली नाही. भूगोलाच्या सरांनी दिलेला नकाशा वसतिगृहाच्या खोलीत भिंतीला लावून आणि इंग्रजीतील माहिती शब्दकोश जवळ घेऊन वाचून मी ही वाट चाललो आहे. मग हाच विषय का निवडला, असे कोणी विचारील. माझे वडील चंद्रपूर-वणी पट्ट्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत सव्वीस वर्षे होते. ते टिंबर मिस्त्री होते, म्हणजे खाणीच्या छताला लाकडाचे टेके देणारे. ती खाण आता बंद झाली आहे. इनक्लाइनच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या बोगद्याच्या तोंडावर भिंत घातली आहे. भोंगा वाजत नाही. क्वार्टरांतील निम्मी माणसे गेली. गावाकडे गेलो की त्या भिंतीकडे पाहून मला प्रश्न पडे की, आतमध्ये एवढी माणसे एवढी वर्षे राबली, त्याचे आता काय होणार? हा प्रश्न इतर कोणाला पडला होता काय, हे मी शोधू लागलो आणि सार्डिनियाला पोचलो.

भूमी आणि धातू

या प्रदेशातील खडक फार प्राचीन आहेत आणि त्यांत शिसे, जस्त आणि चांदी सापडते. शेजारीच सुल्चिसमध्ये कोळसाही आहे. फिनिशियन आले, त्यांच्यामागून रोमन आले. रोमन राजवटीत खाणीत पाठविणे ही शिक्षा होती. गुन्हेगारांप्रमाणे ख्रिस्ती धर्म मानणाऱ्यांनाही सार्डिनियाच्या खाणींत धाडले जाई. पुढे पोप झालेले कॅलिक्स्टस हे अशांपैकीच एक होते. मध्ययुगात पिसा या नगरराज्याने येथे चांदीसाठी गाव वसविले. तेच आजचे इग्लेसियास. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'चर्चेस' असा होतो. या गावाचा चौदाव्या शतकातील कायद्याचा ग्रंथ आजही तेथे जतन केलेला असून त्यात खाणकामाचे तपशीलवार नियम आहेत.

खरी धामधूम सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८४८ मध्ये जोव्हान्नी अंतोनियो सान्ना या गृहस्थांना मोंतेव्हेक्कियो येथील खाणीचा परवाना मिळाला. त्यानंतर इटलीच्या मुख्यभूमीतून, फ्रान्समधून, बेल्जियममधून, इंग्लंडमधून भांडवल आले. डोंगर पोखरले गेले. ज्या ठिकाणी पूर्वी मेंढपाळांच्या झोपड्या होत्या तेथे दवाखाने, शाळा, दुकाने आणि साहेबांचे बंगले उभे राहिले. शंभर-सव्वाशे वर्षे हे चालले. पुढे खनिज काढणे परवडेनासे झाले आणि १९९० च्या दशकात धातूंच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. एक पूर्ण प्रदेश जणू एका पिढीत निवृत्त झाला.

समुद्रकाठचे टप्पे

इग्लेसियासहून निघालेली वाट पहिल्या टप्प्यात नेबिदा या गावी समुद्रावर येते. येथे १८९७ साली बांधलेला खनिज धुण्याचा कारखाना आहे. त्याला 'लावेरिया लामार्मोरा' म्हणतात. कड्याच्या उतारावर दगडी कमानींची ही इमारत उभी आहे आणि तिचे छप्पर गेलेले आहे. छायाचित्रात ती एखाद्या जुन्या किल्ल्यासारखी दिसते. परंतु तेथे लढाई झालेली नाही. तेथे माती आणि धातू वेगळे केले जात होते.

पुढचे गाव मासुआ. येथील 'पोर्तो फ्लाव्हिया' हे बंदर म्हणजे अभियांत्रिकीचा एक नमुना होय. हे बंदर पाण्याच्या पातळीवर नसून उभ्या कड्याच्या मध्यावर आहे. चेझारे व्हेचेल्ली या अभियंत्याने डोंगरात एकावर एक असे दोन बोगदे खोदले. प्रत्येकाची लांबी सुमारे ६०० मीटर. दोहोंच्या मध्ये खडकातच नऊ प्रचंड कोठारे कोरली. वरच्या बोगद्यातून खनिज आणून कोठारांत ओतायचे आणि खालच्या बोगद्यातील पट्ट्यावरून ते थेट जहाजात सोडायचे, अशी ही योजना. १९२४ साली ती सुरू झाली. व्हेचेल्लींनी बंदराला आपल्या मुलीचे, फ्लाव्हियाचे नाव दिले.

त्यापूर्वी काय होते? त्यापूर्वी हमाल खनिजाच्या टोपल्या खांद्यावर घेऊन किनाऱ्यावरील होड्यांपर्यंत चालत. त्या शिडाच्या होड्या जवळच्या बेटावरील कार्लोफोर्ते बंदरात जात आणि तेथे खनिज पुन्हा मोठ्या जहाजांवर चढविले जाई. नव्या बंदरामुळे खर्च आणि वेळ वाचला हे खरे, परंतु या हमालांचे आणि होडीवाल्यांचे काम गेले हेही खरे. बंदराला अभियंत्याच्या मुलीचे नाव मिळाले. टोपल्या वाहणाऱ्यांचे नाव कोणत्याही बोगद्याला नाही. मात्र ही वाट त्यांच्याच गावांतून जाते, त्यामुळे चालणाऱ्याला बोगदा पाहताना टोपल्यांचीही आठवण ठेवता येते. मोटारीतून उतरून छायाचित्र घेणाऱ्याला ते साधेलच असे नाही.

बुज्जेर्रू येथील एक तास

मासुआच्या पुढे बुज्जेर्रू हे गाव लागते. ज्या घटनेमुळे मी हा लेख लिहावयास बसलो ती या गावात घडली.

येथील खाण पॅरिसमधील एका फ्रेंच कंपनीची होती. साहेब मंडळींच्या राहणीमुळे या गावाला 'छोटे पॅरिस' म्हणत. कामगार मात्र कोंदट घरांत राहत. खाणीत दोन पाळ्यांच्या कामामध्ये दुपारची विश्रांती असे. उन्हाळ्यात ती लांब असे, हिवाळ्यात आखूड. १९०४ च्या सप्टेंबरच्या आरंभी, ऊन अजून तापत असतानाच, व्यवस्थापक जॉर्जियादेस यांनी हिवाळी वेळापत्रक लागू केले. म्हणजे विश्रांतीतील एक तास कापला. कामगारांनी काम थांबविले. कंपनीने सैन्य मागविले. ४ सप्टेंबर रोजी कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापकांशी बोलणी करीत असतानाच बाहेर जमाव आणि सैनिक यांच्यात चकमक उडाली, दगड पडले आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या गोळीबारात किमान तीन कामगारांचे प्राण गेले. फेलिचे लित्तेरा आणि साल्व्हातोरे मोंतिक्सी ही त्यांतील दोन नावे.

ही बातमी समुद्र ओलांडून गेली. त्याच महिन्यात सिसिलीमध्येही शेतमजुरांवर गोळीबार झाला. या दोन्ही घटनांच्या निषेधार्थ सप्टेंबरच्या मध्यास संपूर्ण इटलीत कामगारांनी काम बंद ठेवले. देशव्यापी असा इटलीतील तो पहिला सार्वत्रिक संप मानला जातो. मिलान, जेनोआ यांसारख्या मोठ्या शहरांतील कामगार एका लहानशा गावातील एका तासासाठी रस्त्यावर आले, ही गोष्ट लहान नाही.

दिवाळीच्या सुटीत मी ही हकीकत बाबांना सांगितली. एका तासाच्या सुटीसाठी माणसे मेली यावर त्यांचा विश्वास बसणार नाही, असे मला वाटले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबा खायले बसलो का तेवढाच वेळ आपला राह्यते रे. बाकी सारा खाणीचा."

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही श्रमाचे तास आणि वेतन यांचा संबंध शिकलो आहोत. बुज्जेर्रूच्या कामगारांनी तो तास का सोडला नाही, हे मला त्या दिवशी कळले.

स्त्रिया आणि मुली

बुज्जेर्रूनंतर वाट उत्तरेकडे पिस्चिनासच्या वाळूच्या टेकड्यांतून जाते. तेथे खनिज वाहून नेणारे गंजलेले डबे आणि रुळांचे अवशेष आहेत. पुढे ती मोंतेव्हेक्कियोला चढते.

खाण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. परंतु खाणीबाहेर खनिज निवडण्याचे काम स्त्रिया आणि मुले करीत. दगड फोडायचा, धातूचा तुकडा एका बाजूला आणि निरुपयोगी दगड दुसऱ्या बाजूला टाकायचा, असे ते काम. इटालियन भाषेत या स्त्रियांना 'चेर्नित्रिची', म्हणजे निवडणाऱ्या, असे म्हणत. धान्य पाखडणाऱ्या, तांदळातील खडे वेचणाऱ्या आपल्याकडील बायांचे हात ज्याने पाहिले आहेत त्याला हे काम समजावून सांगावे लागणार नाही. मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असे.

मोंतेव्हेक्कियो येथे ४ मे १८७१ रोजी पाण्याची एक मोठी टाकी फुटली. तिच्याखाली या कामकरी स्त्रियांची झोपण्याची खोली होती. अकरा स्त्रिया आणि मुली त्यात दगावल्या. त्यांतल्या काही तर अगदी लहान वयाच्या होत्या. ज्या वयात मी शाळेत पाढे पाठ करीत होतो त्या वयात त्या दगड निवडीत होत्या.

मोंतेव्हेक्कियोची खाण १९९१ साली बंद झाली. व्यवस्थापकांचा वाडा आणि कामगारांच्या वस्त्या आता पाहावयास मिळतात. एकाच दिवशी दोन्ही पाहावे, म्हणजे एकाच खाणीतून निघालेली संपत्ती कोणत्या दिशेने गेली ते नीट कळते.

खाणीचे उरलेले देणे

ही वाट केवळ गौरवाची नाही. पिस्चिनासजवळ एक ओढा समुद्राला मिळतो. त्याचे पाणी तांबड्या-नारिंगी रंगाचे आहे. छायाचित्रात ते सुंदर दिसते, परंतु तो रंग बंद खाणींतून पाझरणाऱ्या पाण्यातील धातूंचा आहे. इग्लेसियासजवळ मोंतेपोनी येथे खाणीच्या तांबड्या मळीचा मोठा ढीग आहे. खाण बंद झाली म्हणजे तिचे काम संपले असे होत नाही. पाणी आत झिरपतच राहते, धातू विरघळतच राहतात आणि शेतापर्यंत, समुद्रापर्यंत पोचतात. कंपनी निघून जाते, ढीग मागे राहतो. आमच्या गावाजवळचे खाणमातीचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

वाटेच्या उत्तरार्धात कार्बोनिया हे शहर लागते. इटालियन भाषेत कोळशाला 'कार्बोने' म्हणतात, त्यावरून हे नाव. मुसोलिनीच्या राजवटीने कोळशासाठी हे शहर वसविले आणि १८ डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील सेर्बारियू खाण १९३७ ते १९६४ एवढी वर्षे चालली. आता तेथे कोळशाचे संग्रहालय आहे आणि त्याचे प्रदर्शन खाणीच्या जुन्या दिवाघरात मांडलेले आहे. दिवाघर म्हणजे ज्या खोलीतून प्रत्येक कामगार पाळीच्या आधी आपला दिवा घेई आणि पाळी संपल्यावर परत ठेवी ती खोली. कोण वर आला आणि कोण नाही, हे तेथील दिव्यांवरून कळे. आमच्याकडे त्याला 'लॅम्परूम' म्हणतात. पाळी सुटल्यावर बाबांना उशीर झाला तर आई कोणाला तरी लॅम्परूमवर विचारावयास पाठवीत असे. संग्रहालयासाठी याहून योग्य जागा मला सुचत नाही.

वाट कशी जन्मली

फिरून आपण इग्लेसियासला आलो. गावाशेजारीच मोंतेपोनीची खाण आणि तिच्यात 'पोत्सो सेल्ला' नावाची उभी विहीर आहे. खाणीतले पाणी उपसण्यासाठी ती होती. सार्डिनियातील खाणींचा अहवाल १८७१ साली संसदेस सादर करणारे क्विंतिनो सेल्ला यांचे नाव तिला दिलेले आहे.

खाणी बंद पडल्यानंतर इमारती भंगारात जाऊ लागल्या, तरुण मुले गाव सोडू लागली. अशा वेळी, २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये, जियामपिएरो पिन्ना आणि त्यांच्याबरोबर कामगार या विहिरीत उतरले आणि त्यांनी तेथे ठाण मांडले. सुमारे वर्षभर हे आंदोलन चालले. आमच्या खाणींचा इतिहास मोडीत काढू नका, येथे संरक्षित उद्यान करा आणि आम्हाला काम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर २००१ साली शासनाने सार्डिनियाच्या भूवैज्ञानिक व खाण-इतिहास उद्यानाची स्थापना केली. खाणवाट ही पुढे याच धडपडीतून आखली गेली. कामगार ज्या पायवाटांनी घरून खाणीत जात, ज्या गाडीवाटांनी आणि रुळमार्गांनी खनिज जाई, त्याच वाटा शोधून, साफ करून एकमेकींना जोडण्यात आल्या.

पर्यटन खात्याने आधी वाट आखली आणि मग इतिहास चिकटविला, असा हा प्रकार नाही. आधी माणसे खाणीत उतरून बसली आणि मग वाट झाली. ज्यांची खाण, त्यांनीच तिची आठवण मागून घेतली.

दुसरी बाजू

या वाटेची स्तुती करून लेख संपविणे सोपे आहे, परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. पायवाटेने खाणीएवढा रोजगार मिळत नाही. काही निवासगृहे चालतात, काही वाटाड्यांना काम मिळते, लहान गावांतील दुकानांत गिऱ्हाईक येते. पण हजारो माणसांच्या पगाराची जागा त्याने भरून निघत नाही. सुल्चिसची गणना आजही इटलीतील गरीब भागांत होते आणि तेथील तरुण कामासाठी बाहेर जातात. ज्याला खाणीच्या धुळीने छातीचा विकार झाला त्याला पायवाट बरे करीत नाही.

मी बाबांना म्हणालो होतो की, आपल्याकडेही अशी वाट करता येईल. तेव्हा ते हसले होते. "बंद खाण पाहाले कोण येते बे?" असे ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. परंतु मला असे वाटते की, वाट ही आधी बाहेरच्यांसाठी नसतेच. ती आधी तेथल्याच माणसांसाठी असते. बुज्जेर्रूच्या शाळेतील मुलाला आपल्या गावी काय घडले हे ठाऊक आहे. आमच्या गावातील मुलांना भिंतीमागे काय होते हे आणखी दहा वर्षांनी ठाऊक असेल काय?

समारोप

सुटीच्या शेवटच्या दिवशी मी बाबांना क्वार्टरापासून इनक्लाइनपर्यंत चालत येण्याची विनंती केली. अंतर दोन किलोमीटरहून थोडे कमी. सव्वीस वर्षे ते ज्या वाटेने गेले ती आता रायमुनियाने आणि बाभळींनी भरली आहे. एके ठिकाणी तर वाट सापडेना. बाबा थांबले, इकडेतिकडे पाहिले आणि काठीने झुडूप बाजूला सारून बरोबर पुढे निघाले. येथे चहाची टपरी होती. येथे पहिल्या पाळीची माणसे बिडी विझवीत, कारण पुढे काडेपेटी न्यायला बंदी. येथे हजेरीची खिडकी होती. या कडुलिंबाखाली युनियनची सभा भरे. त्यांनी एकेक जागा दाखविली आणि मी ती वहीत लिहून घेतली. परत येताना त्यांनी छत कोसळून गेलेल्या आपल्या दोन सोबत्यांची नावे सांगितली. ती त्यांनी घरात कधी उच्चारलेली मला आठवत नाहीत. तीही मी लिहून घेतली आहेत.

माझ्या या लेखात काही नवे संशोधन आहे असा माझा दावा नाही. परंतु आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी खाणकामगारांची, गिरणीतील, विटभट्टीवरील माणसांची बरीच मुले आहेत. त्यांना मला एवढेच सुचवावेसे वाटते की, येत्या सुटीत आपल्या आईवडिलांबरोबर ते ज्या वाटेने कामाला जात त्या वाटेने एकदा चालावे आणि बरोबर एक वही न्यावी. सार्डिनियातील पाचशे किलोमीटर लांबीच्या वाटेचाही प्रारंभ कोणाच्या तरी घरापासून खाणीपर्यंतच्या पायवाटेनेच झालेला आहे.

माझ्या वहीत सध्या दोन किलोमीटर आहेत. त्यांतील चारशे पावलांची नोंद राहिली आहे, कारण अंधार पडला होता. ती उन्हाळ्याच्या सुटीत पूर्ण करीन.